भोगीच्या सकाळचा निरोप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या मुलींना नाही. देवापुढं हात जोडून उभी राहिले तेव्हाही नाही. त्याला ठाऊक असणारच, पण माझ्या तोंडून नाही. दोनदा अगदी जिभेवर आलं होतं. एकदा थोरलीच्या बाळंतपणात आणि एकदा नाशिकला, गोदावरीत गुडघाभर पाण्यात उभी असताना. दोन्ही वेळा मी दुसरंच काहीतरी बोलले. माणूस किती सहज दुसरंच काहीतरी बोलतो, नाही?

तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि कारण आता ज्यांना सांगायला हवं होतं त्यांतलं कुणी उरलेलं नाही. म्हणजे उशीर झाल्यावर सांगते आहे. हेही आधीच कबूल केलेलं बरं.

जळगावच्या त्या चार दिवसांबद्दल माझ्या मुलींना सगळं पाठ आहे. लहानपणी त्या मागं लागायच्या, "आई, जळगावचं सांग ना." मी सांगायची — टांगा, सर्कस, मेहरूणची बोरं, हळदीकुंकू, फोटो. एक सकाळ मात्र मी त्यातून नेहमी काढून टाकत आले. भाजी निवडताना किडका तुकडा काढतात ना, तशी. राहिलेली भाजी चांगलीच दिसते.

आमचं गाव पाचोऱ्यापासून दोन कोसांवर. तेव्हा जिल्ह्याला पूर्व खानदेश म्हणत, आणि राज्य अजून मुंबईचं होतं. लग्न होऊन मला चार वर्षं झाली होती. घरात आम्ही चौघं — मी, माझे यजमान, सासूबाई आणि सुखदेव. सुखदेव म्हणजे सासूबाईंच्या भावाचा मुलगा. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा सासूबाईंनी त्याला घरी आणून वाढवला. सासूबाईंना तो आत्या म्हणायचा, ह्यांना दादा. वय चोवीस-पंचवीस. कामाला वाघ, पण पाय घरात ठरत नसे. कुठं जत्रा लागली, तमाशाचा फड उतरला की हा गायब. एकदा कापसाची गाडी घेऊन बाजारात गेला तो तीन दिवसांनी उगवला. गाव त्याला हसायचं. सासूबाई मात्र त्याचं ताट झाकून ठेवायच्या.

सासूबाईंबद्दल मी मुलींना सांगितलं, की त्या फार कडक होत्या. पुष्कळ जणींना सांगितलं. सासू कडक होती म्हटलं की ऐकणारी बाई आपल्या बाजूची होते. पण खरं काय होतं? जळगावला जायचं ठरलं तेव्हा मला वाटलं, त्या नाही म्हणतील. नवरा-बायकोनं नुसतं फिरायला म्हणून परगावी जायचं, हे आमच्याकडं कुणी ऐकलंच नव्हतं. ह्यांना विहिरीवर बसवायला इंजिन बघायचं होतं, आणि त्यांचा शाळेतला मित्र जगन्नाथ जळगावात नोकरीला होता. त्यानं आग्रह केला, "संक्रांतीला वहिनींनाही घेऊन ये." हे आईला विचारायला चाचरत होते. सासूबाई दळत होत्या. जातं थांबवून त्या माझ्याकडं बघत म्हणाल्या, "जाय माय. हौस करी ले. मनी ते राहीच गयी."

जा, हौस करून घे, माझी तर राहूनच गेली. असं म्हणणारी बाई कडक होती का?

निघताना त्यांनी आपली जाड घोंगडी माझ्या गाठोड्यात कोंबली. जळगावला थंडी फार असते म्हणाल्या. त्या स्वतः जळगावला कधी गेल्या नव्हत्या.

पाचोऱ्याला आम्ही पॅसेंजर धरली. आगगाडीत बसायची माझी ती दुसरी वेळ. संध्याकाळी जळगावला उतरलो. टांग्यात ह्यांच्या शेजारी बसले — शेजारी, मागं नाही — आणि मला वाटलं सगळं गाव माझ्याकडंच बघतंय. जगन्नाथभाऊंचं घर दोन खोल्यांचं, पण विजेचा दिवा होता. त्यांच्या बायकोनं, कमलताईंनी, माझा हात धरून मला आत नेलं. "चार दिवस तुम्ही माहेरी आलात असं समजा," म्हणाल्या. माझी आई मी नऊ वर्षांची असताना गेली होती. माहेर म्हणजे काय ते मी इतरांच्या तोंडूनच ऐकलेलं.

दुसऱ्या दिवशी भोगी. हीच ती सकाळ.

हे आणि जगन्नाथभाऊ इंजिनं बघायला गेले होते. कमलताई सुगडं आणायला कुंभाराकडं गेल्या होत्या. मी दारात ऊन खात तीळ निवडत बसले होते. गल्लीच्या तोंडाशी सुखदेव दिसला. मला आधी हसू आलं — आला हा जत्रा शोधत! मग त्याचा चेहरा दिसला.

तो ओट्यावर चढलाच नाही. खालीच उभा राहून भरभर बोलला.

"वयनी, आत्याना उजवा हात पडी गया. बोलनं काही समजत नही. पन तुमनं नाव ल्हेस ते समजस."

सासूबाईंचा उजवा हात लुळा पडला होता. मी सूप खाली ठेवलं.

"दादाले सांगा, आजच निंघा. मी दवा लीसन दुपारना गाडीवर परत जास. आत्याजोडे कोनी नही शे."

डॉक्टरनं लिहून दिलेलं औषध पाचोऱ्याला मिळालं नव्हतं, ते घेऊन त्याला लगेच उलट जायचं होतं; आत्यापाशी घरचं कुणी नव्हतं. मी त्याला पाणी विचारलं. तो नको म्हणाला. जाता जाता वळून पुन्हा म्हणाला, "आजच, वयनी." मी मान हलवली. हो म्हटलं. माझा 'हो' घेऊन तो गेला.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले, की मला वाटलं म्हातारी थोडी आजारी असेल, सुखदेव वाढवून सांगत असेल, सासवा सून बाहेर गेली की दुखणं काढतातच. हे खोटं आहे. सासूबाई कधी एक दिवस अंथरुणावर पडल्या नव्हत्या. आणि सुखदेवचे डोळे रडून सुजले होते. मला कळलं होतं. तिथं, त्या दारात, पूर्ण कळलं होतं. बाईची वाचा गेली आहे, आणि तिच्या तोंडून फक्त माझं नाव निघतं आहे — ह्यात न कळण्यासारखं काय होतं?

मग सांगितलं का नाही?

दुपारी हे आले ते हसत आले. हातात गजरा. चार वर्षांत ह्यांनी मला कधी फूल आणून दिलं नव्हतं. आमच्या घरात ते शोभलंही नसतं. कमलताईंच्या देखत माझ्या हातात पुडी ठेवून म्हणाले, "द्वारके, संध्याकाळी सर्कशीला जायचं." त्यांच्या तोंडून माझं नाव चारचौघांत मी पहिल्यांदा ऐकलं. मी ठरवलं, जेवण होऊ दे, मग सांगते. ताटात तीळ लावलेली बाजरीची भाकरी होती, वांग्याचं भरीत होतं. ते चवीनं जेवत होते. आईसारखं भरीत जमलंय म्हणाले. घास घशाखाली नीट जाऊ दे, मग सांगते, म्हटलं. जेवून ते आडवे झाले. उठू दे. उठले तर चहा. चहा झाला तर सर्कशीची वेळ झाली.

सर्कशीत एक मुलगी उंच दोरीवरून छत्री धरून चालत होती. सगळे श्वास रोखून बघत होते. मी ह्यांच्याकडं बघत होते. तोंड उघडं टाकून, पोरासारखे बघत होते ते. आणि मला वाटलं — आता सांगितलं तर हा माणूस पुन्हा मला दिसायचा नाही. गावी गेलो की हे पुन्हा ओसरीवर आणि मी चुलीपाशी. हा जो टांग्यात शेजारी बसतो, तो फक्त इथं आहे. जळगावात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगायचं, असं मी ठरवलं. पण सकाळी एक नवीनच अडचण उभी राहिली. सांगितलं तर ते विचारणार, सुखदेव कधी आला होता? काल, हे कोणत्या तोंडानं सांगू? पहिल्या दिवशी मी सुखापायी गप्प राहिले. दुसऱ्या दिवसापासून भीतीपायी. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

संक्रांतीला आम्ही दोघंच मेहरूणच्या तळ्यावर गेलो. पोरं पतंग उडवत होती. ह्यांनी माझा पदर भरून बोरं घेतली आणि आम्ही काठावर बसून खाल्ली. मऊ, साखरेसारखी. ते त्यांच्या लहानपणाचं बोलले. वडील गेले तेव्हा आईनं एकटीनं शेत कसं राखलं, राखणीला मचाणावर कशी बसायची, ते सांगितलं. सांगता सांगता थांबले. "मायले पन दाखाडाले पायजे हाई तयं," म्हणाले. हे तळं आईलाही दाखवायला हवं. मी बोराची बी तोंडातून काढली आणि पाण्यात टाकली.

माझ्या आयुष्यातला सगळ्यांत सुखाचा दिवस कोणता, असं कुणी विचारलं तर तोच. काय करू? तोच होता. त्या दिवशी मला सुख लागलं नाही असं सांगितलं तर तुम्हाला मी जरा बरी वाटेन. पण लागलं. संध्याकाळी हळदीकुंकवाला शहरातल्या बायकांत बसून मी उखाणा घेतला. सगळ्या हसल्या, मीही हसले.

आता पुढचं. इथवर तुम्ही म्हणाल, बाई भित्री होती, बोलायचं राहून गेलं. तसं नाही ते.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या हे म्हणाले, "आज निघू या. का कोण जाणे, मन लागत नाही. मायची फार आठवण येते आहे." त्यांनी कपडेही घडी करायला घेतले. मला काही सांगायची गरजच नव्हती! नुसतं गप्प राहिले असते तरी आम्ही दुपारपर्यंत घरी पोचलो असतो. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "आज कर आहे. करीच्या दिवशी निघू नये. अपशकुन असतो."

का म्हणाले? घरी गेलो की सगळं उघडं पडणार होतं, म्हणून. एक दिवस पुढं ढकलला की काहीतरी होईल, त्या बऱ्या होतील, सुखदेव विसरेल — असलं काहीतरी. कमलताईंनीही दुजोरा दिला. ह्यांनी कपडे पुन्हा खुंटीला लावले. दुपारी वेळ घालवायचा म्हणून जगन्नाथभाऊंनी आम्हाला फोटो काढायला नेलं. हे खुर्चीत, मी शेजारी उभी. फोटोवाला म्हणाला, "बाई, जरा हसा." मी हसले. तो फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे. जावई येतात, नाती येतात, सगळे म्हणतात, आजी किती छान दिसते.

त्या दिवशी दिवेलागणीला सासूबाई गेल्या.

आम्ही पाचोऱ्याला उतरलो ते दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर. इंजिनाचा सौदा उरकून निघालो होतो. स्टेशनबाहेर गावातले एक आबा गाडी जुंपून उभे होते. ह्यांना बघून त्यांनी डोक्याचा रुमाल काढला. हे हसत म्हणाले, "काय आबा, आम्हाला न्यायला?" आबांनी रुमाल हातात गुंडाळला. मग म्हणाले, "निरोप नही भेटना का रे तुले?"

"कसला निरोप?"

दोन कोस वाटेत सगळं कळत गेलं. सुखदेव भोगीच्या दुपारी परतला, तेव्हापासून आत्यापाशी शेजारणीला बसवून दर गाडीला बैल जुंपून स्टेशनावर येऊन उभा राहत होता. गावातली माणसं म्हणाली, तार करू. तो म्हणाला, तार कशाला, मी स्वतः सांगून आलो आहे, येतीलच. प्रेत सकाळपर्यंत ठेवलं. दुपारपर्यंत ठेवलं. मग ठेवता येईना. सुखदेवनं अग्नी दिला.

हे गाडीत बसले होते ते खाली उतरले आणि चालायला लागले, बैलांच्या पुढं. मी गाडीत मागं बसून होते. दोन कोस. खाली उतरून त्यांचा हात धरायला आणि एक वाक्य बोलायला दोन कोस पुष्कळ असतात.

अंगणात माणसं बसली होती. सुखदेव भिंतीला टेकून उकिडवा बसला होता, डोकं भादरलेलं. ह्यांनी त्याची मान धरून त्याला उभा केला.

"कुणाला सांगितलंस तू? कुणाला?"

"वयनीले," तो म्हणाला. आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात भीती नव्हती हो. आता वहिनी सांगेल काय झालं ते, एवढंच होतं.

हे माझ्याकडं वळले. सगळं अंगण वळलं.

मी म्हणाले, "मला कुणी भेटलं नाही."

एवढंच. आवाजही कापला नाही. मी डोळ्याला पदर लावला आणि बायकांत जाऊन बसले. त्या मला कुरवाळायला लागल्या — सुनेला सासूचं शेवटचं तोंडही दिसलं नाही म्हणून.

पुढचं सगळं गावानंच जुळवलं. मला एक शब्द घालावा लागला नाही. सुखदेव जळगावला गेला, औषध घेतलं, आणि भोगीचा दिवस म्हणून कुठंतरी तमाशाला, नाहीतर सर्कशीला बसला. निरोप राहिला. घाबरून थाप मारली. पूर्वी गाडी घेऊन पळाला होताच की! सर्कशीचं नाव कुणीतरी घेतलं तेव्हा मी खाली बघत होते.

सुखदेवनं दोन दिवस सगळ्यांना सांगून पाहिलं. दारात तीळ निवडत होत्या, सूप हातात होतं, मला पाणी विचारलं — सगळं बरोबर सांगत होता. तिसऱ्या दिवशी हे त्याला म्हणाले, "माझ्या बायकोला खोटं पाडतोस? माझ्या आईच्या राखेवर?" तेव्हा त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "वयनी म्हनस ते मी नही भेटेल व्हसू."

वहिनी म्हणते, तर मी भेटलो नसेन.

तेराव्यानंतर तो घर सोडून गेला. त्याची सोयरीक ठरलेली होती, ती मुलीकडच्यांनी मोडली. ज्यानं आत्याला असं मरू दिलं त्याला मुलगी कोण देणार? सासूबाई त्याला जमिनीचा एक तुकडा देणार होत्या. तसं त्या बोलून दाखवायच्या. तो तुकडा आमच्याकडंच राहिला. त्यातलं धान्य मी दळलं, भाकरी केल्या, मुलींना खाऊ घातलं.

चार-पाच वर्षांनी मला तो धुळ्याला दिसला. एका लग्नाला गेलो होतो. मी बांगड्या भरायला बाजारात थांबले होते, हे समोरच्या दुकानात कापड बघत होते. पाठीवर पोतं घेतलेला एक हमाल माझ्यापुढं थांबला. मी ओळखलंच नाही. त्यानं पोतं उतरवलं आणि विचारलं, "वयनी, दादा बरा शे ना?"

मी हो म्हटलं. मला मुलगी झाल्याचं त्याच्या कानावर होतं; त्यानं तिच्याबद्दल विचारलं. ती कुणासारखी दिसते, म्हणाला. मी म्हटलं, आत्यासारखी. तो हसला. खरंच हसला. म्हणाला, "मंग चांगली व्हई."

हे दहा पावलांवर होते. मला फक्त हाक मारायची होती. तो काही मागत नव्हता, भांडत नव्हता. एकदा त्यानं समोरच्या दुकानाकडं नजर टाकली — त्यालाही हे दिसलेच असणार. मी हाताला तेल लावून बसलेली, कासारीण बांगडी चढवत होती. मी तिला म्हटलं, "जरा घट्ट होते आहे." सुखदेव थोडा वेळ उभा राहिला. मग पोतं पाठीला लावून गर्दीत गेला. तो धुळ्यातच वारला असं पुढं ऐकलं. लग्न केलं नव्हतं. कुणी अग्नी दिला ते माहीत नाही. मी विचारलं नाही.

ह्यांनी त्याचं नाव घरात कधी घेऊ दिलं नाही. पण शेवटच्या दुखण्यात, एका सकाळी मी त्यांना पेज भरवत होते, तेव्हा त्यांनी माझा हात धरून थांबवला. मग म्हणाले, "द्वारके, तो खरंच आला नव्हता का गं?"

रागानं नव्हतं ते. किती वर्षं मनात धरून ठेवलं होतं कोण जाणे. आणि मला वाटतं — आता वाटतं — त्यांना उत्तर ठाऊक होतं. त्यांना फक्त माझ्याकडून हवं होतं. सासूबाई नव्हत्या, सुखदेव नव्हता. गाव विसरलं होतं. मला कशाचीच भीती उरलेली नव्हती. तरी मी म्हणाले, "नाही. पेज निवते आहे, घ्या."

त्यांनी तोंड उघडलं. मी चमचा पुढं केला.

महिनाभरात ते गेले.

सुखदेव आला होता. त्यानं सगळा निरोप नीट सांगितला होता, दोनदा सांगितला होता. मी तो ठेवून घेतला.